एक आठ एक्केचाळीस

कारागिराने कॅसेटच्या पाठीवरचे दोन स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आतली चपटी बॅटरी सोल्डरिंगच्या टोकाने मोकळी करून तळहातावर घेतली. तिच्या कडेला हिरवट पावडर धरली होती. नाक मुरडून त्याने ती भंगाराच्या डब्यात टाकली आणि तिच्या जागी नवीकोरी बसवली. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच होती की जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र टीव्हीवर येत नाही, आणि ते चित्र त्याने सकाळीच आणलं होतं. पण कोणतीही वस्तू जुन्या बॅटरीसकट परत द्यायची नाही असा दुकानाचा नियम होता, आणि नियम पाळताना तो गिऱ्हाइकाला विचारत बसत नसे.

झाकण लावून त्याने कॅसेट गेमच्या डब्यात खोचली. टीव्हीवर समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता आला, लाल मोटार आली, इंजिनाचा डासासारखा आवाज आला. मोटारींच्या शर्यतीचा गेम, निदान तीस वर्षांपूर्वीचा. त्याने सवयीने सगळी पानं एकदा फिरवून पाहिली. सर्वात कमी वेळात चक्कर पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत पाच ओळी होत्या, आणि पाचही ओळींवर कंपनीने भरून दिलेली तीन अक्षरं आणि दोन मिनिटांची गोल वेळ होती. त्याने कामाच्या कार्डावर बरोबरची खूण केली आणि हात धुवायला गेला.

दुकान एकच खोली होती, पण संसार दोन होते. पुढच्या अर्ध्या भागात बायकोचं शिवणयंत्र. कपडे आटवून, सोडवून, उसवून द्यायची कामं ती करायची. मागच्या अर्ध्यात याचं टेबल, त्यावर पोट उघडून ठेवलेले रेडिओ आणि टीव्ही. मधे पडदा होता, पण तो कधी ओढलेला कोणी पाहिला नव्हता.

दुपारी फोन वाजला. गेम आणून देणाऱ्या बाई होत्या.

"भाऊ, झालं का हो काम?"

"झालं ताई. एकदम नव्यासारखं. कॅसेटसुद्धा आतून नवी केलीय."

"कॅसेट पण? त्यातल्या ह्यांच्या वेळा दिसतायत ना पण? मी त्या दिवशी तेच सांगत होते तुम्हाला."

कारागिराला आठवलं. बाई खरंच काहीतरी सांगायला लागल्या होत्या आणि याने हात वर करून म्हटलं होतं, सगळं माझ्यावर सोडा ताई. हे वाक्य तो दिवसातून चारदा म्हणायचा.

"कसल्या वेळा?" त्याने विचारलं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला गाडी त्यांनीच शिकवलेली. सात महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठी घेऊन चालतात. हात मात्र आला नाही. बोटांनी दाबता येतं पण दाबलेलं सोडता येत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या ताई मळलेल्या मातीचा गोळा देतात, तर मास्तर तो भिंतीला फेकून मारतात. मी काय बालवाडीत आहे का, म्हणतात. गेले दोन महिने तर खिडकीशी बसून असतात, कोणाशी धड बोलत नाहीत. आणि व्यायामाच्या ताई म्हणाल्यात की वर्षाच्या आत जेवढं येईल तेवढंच येणार.

"लग्नाआधीपासून त्यांना या गेमचं वेड होतं," बाई म्हणाल्या. "त्यांची वेळ कोणालाच मोडता आली नाही. ती दिसली तर निदान गेमचा रिमोट तरी हातात घेतील. तेवढ्या एका आशेवर माळ्यावरून काढून आणलाय हो."

कारागिराच्या तोंडचं पाणी पळालं. बॅटरी काढली की कॅसेटची आठवण पुसते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलंच ठाऊक होतं. पण तीस वर्षांपूर्वी कोणी किती सेकंदांत चक्कर मारली, याचं आज कोणाला काही पडलेलं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दिसतायत ना?" बाईंनी परत विचारलं.

"दिसतायत," तो म्हणाला. "एक बारीक काम राहिलंय. पुढच्या मंगळवारी या."

फोन ठेवल्यावर त्याने कार्डं चाळली. दुकानाचा दुसरा नियम असा होता की दुरुस्तीत पहिल्यांदा चित्र आलं की त्याचा फोटो काढून कार्डाला टाचायचा. एका गिऱ्हाइकाने एकदा टीव्हीचे रंग बदलल्याचा आरोप केला होता, तेव्हापासूनचा हा नियम. फोटो सापडला. सकाळी चित्र आलं तेव्हा टीव्हीवर नेमकी तीच यादी होती. पाच ओळी, पाचही ओळींवर एकच तीन अक्षरं, मास्तरांची. सर्वात वरची वेळ एक मिनिट आठ सेकंद आणि वर एक्केचाळीस शतांश. प्रत्येक वेळेपुढे बारीक अक्षरांत रस्त्याच्या तीन टप्प्यांचे वेगवेगळे सेकंदही होते. आधी समुद्राकडेचा सरळ रस्ता, मग घाट, मग पूल.

"काय झालं?" बायकोने यंत्र न थांबवता विचारलं.

त्याने सांगितलं.

"मग फोन करून सांगून टाका."

"काय सांगू?"

"पुसलं म्हणून. काय सांगू म्हणजे काय!"

"तीस वर्षांत माझ्या हातून कोणाची वस्तू बिघडलेली नाही."

"आता बिघडली. त्याने काही दुकानाला कुलूप लागत नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने रिमोट हातात घेतला. नावाची अक्षरं भरायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण वेळ भरता येत नाही, ती गाडी चालवूनच आणावी लागते. बिघडलेलं कोणतंही यंत्र आपल्यासमोर दोन दिवस टिकाव धरत नाही, तर ही लाल मोटार काय चीज आहे, असा त्याचा हिशेब होता.

पहिली चक्कर एक मिनिट बावन्न सेकंदांची झाली. त्यातले बरेचसे सेकंद तो समुद्रात होता.

मग रोजची गोष्ट झाली. दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं, त्या वेळात तो जेवण गिळून टीव्हीसमोर बसायचा. डाव्या अंगठ्याने गाडी वळवायची, उजव्या अंगठ्याने पळवायची आणि त्याच अंगठ्याने शेजारचं बटण दाबून ब्रेक मारायचा. ऐकायला सोपं होतं. सरळ रस्त्यावर तो बरा जायचा, पुलावरही बरा. घाटात मात्र त्याची दातखीळ बसायची. वळण दिसलं की तो घाबरून ब्रेक दाबायचा, गाडी आडवी व्हायची, कठड्याला घासायची, आणि मागून आलेल्या निळ्या, पिवळ्या मोटारी त्याला वळसा घालून निघून जायच्या. बायको जेवणाचा डबा धुता धुता बघायची.

"खोटं करायचं तर निदान नीट तरी करा," ती म्हणायची.

शनिवारी एक पंचवीस आली. रविवारी दुकान बंद, पण तो आला आणि एक बावीस आणली. सोमवारी अंगठ्याला फोड आला. त्यावर चिकटपट्टी लावून त्याने एक एकोणीस त्रेसष्ट काढली, आणि मग कितीही मान मोडली तरी त्याखाली काही जाईना. मास्तरांच्या वेळेपासून तो अजून अकरा सेकंद लांब होता. अकरा सेकंदांत त्या रस्त्यावर माणूस पूल ओलांडून जातो. त्याने त्या वेळेपुढे मास्तरांची तीन अक्षरं भरली, खालच्या ओळींवर त्याहून वाईट वेळा होत्याच, त्यांनाही तीच अक्षरं दिली आणि डबा बंद केला. उद्या बाई आल्या की सरळ सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. तसं त्याने बायकोलाही सांगितलं.

मंगळवारी बाई आल्या. त्याने टीव्ही लावून यादी दाखवली आणि सांगण्यासाठी तोंड उघडलं. बाईंनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच अक्षरं टाकायचे ते. मी स्वयंपाक करत असले तरी हाक मारून दाखवायचे." आकड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "भाऊ, तुमचे फार उपकार झाले."

शिवणयंत्र थांबलं. कारागिराने तोंड मिटलं. थोड्या वेळाने यंत्र परत सुरू झालं, जरा जोरातच.

तीन आठवडे गेले. कारागीर रोजची कामं करत होता, पण त्याचं मन लागत नव्हतं. फोन वाजला की उचलायला तो उशीर करायचा. त्याने दुकानाचे नियम लिहिलेला पुठ्ठा भिंतीवरून काढून ठेवला. का काढला ते बायकोने विचारलं नाही. गिऱ्हाईक कॅसेट घेऊन आलं की आता तो आधी विचारायचा, आत काही ठेवण्यासारखं आहे का. लोक हसायचे.

चौथ्या सोमवारी सकाळी मास्तर स्वतः आले. उंच, खांद्यात वाकलेले, डाव्या हातात काठी. उजवा हात कोटाच्या खिशात होता, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. मागे बाई होत्या, त्यांच्या हातात कापडी पिशवी.

"वहिनी, यांच्या पँटी कमरेत आटवायच्यात," बाई पुढच्या भागात म्हणाल्या. "आजारात निम्मे झालेत हो. दोन आणल्यात."

दोघी मापाला लागल्या. मास्तर काठी टेकत टेकत मागे आले आणि टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात खिशातून काढला, उचलून मांडीवर ठेवला, आणि मग कोटाच्या वरच्या खिशातून कॅसेट काढून कारागिरासमोर ठेवली.

"हिची बॅटरी कोणी बदलली?" त्यांनी विचारलं. जीभ किंचित जड होती, पण प्रश्न स्वच्छ होता.

"मी."

"आणि गाडी कोणी चालवली?"

कारागिराने समोरचा रेडिओ उगाच फिरवून ठेवला. पुढच्या भागातून बाईंचा हसण्याचा आवाज आला.

"मीच," तो म्हणाला.

"वाटलंच. सरळ रस्ता ठीक आहे. पूलही ठीक. पण घाटाला एकतीस सेकंद?" मास्तरांनी आवाज खाली आणला. "घाटाला एकतीस सेकंद कोणाला लागतात माहितीये? वळणात शिरल्यावर ब्रेक मारणाऱ्याला. सव्वीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट शिकवली, ब्रेक वळणाच्या आधी. आणि माझ्या नावापुढे एकतीस सेकंद! बायकोने मोठ्या हौसेने टीव्ही लावला, आणि मी बघतो तर हे. त्या रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. उद्या कोणी पाहिलं तर काय म्हणेल?"

त्यांच्या घरी ते कोण पाहणार होतं, हे कारागिराने विचारलं नाही.

"मास्तर, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. मग सांगायलाही हवं होतं. ताईंचा चेहरा बघितला आणि..."

"ऐका आधी. मी म्हटलं, ही वेळ वरून काढायचीच. रिमोट मांडीवर घेतला, हात त्यावर डाव्या हाताने नेऊन ठेवला. पहिल्या दिवशी अंगठा दाबला तो दाबलेलाच. गाडी थेट कठड्यावर. दुसऱ्या दिवशी तेच. बायको तिकडे खूश, तिला वाटतंय जुनी आवड जागी झाली. मी इकडे दात-ओठ खातोय." मास्तर जरासे हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली. "आठव्या दिवशी अंगठा सुटला. अर्धा. व्यायामाच्या बाईंनी तीनदा करायला लावलं, त्यांचा विश्वास बसेना. आणि शुक्रवारी तुम्हाला काढलं. एक एकोणीस साठ."

"तीन शतांशांनी," कारागीर म्हणाला.

"तीन तर तीन. बायको सगळ्यांना सांगत सुटलीये की ह्यांनी स्वतःचीच वेळ मोडली. मी तिला काही बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका."

कारागिराने ड्रॉवर उघडला. फोटो त्याने कार्डाला टाचून ठेवला होता.

"खरी यादी माझ्याकडे आहे. काम करताना फोटो घेतला होता. हा..."

"एक आठ एक्केचाळीस," मास्तर म्हणाले. त्यांनी फोटोकडे बघितलं नव्हतं. "तो आत ठेवा."

"बघा तरी."

"नको. खरी वेळ बघितली असती ना, तर मी रिमोटला हात लावला नसता. तो माणूस आता नाही मी. ते बघितलं की हात गळतात. तुमची वेळ बघितली की राग येतो. रागात हात चालतो."

कारागिराने ड्रॉवर सरकवून बंद केला. तीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल कोणी असं बोललं नव्हतं, आणि हे चांगलं म्हणायचं की वाईट, हेही त्याला उमगेना.

"मग आता काय करू मी?" त्याने विचारलं.

"शुक्रवारपासून मी रिमोट उचललेला नाही. काढायचं होतं त्याला काढलं. परत खिडकीशी जाऊन बसलो. बायकोचा चेहरा पडलाय, पण बोलत नाही ती." मास्तरांनी कॅसेट एका बोटाने पुढे ढकलली. "लावा ती. बसा. माझ्या नावावर एक सतरा आणा."

"एक सतरा? मला नाही जमणार हो. आठवडाभर मान मोडली तेव्हा कुठे..."

"ते दिसतंयच. म्हणून तर आलोय. माझ्याकडून कोणी न शिकता गेलं नाही. एक बाई होत्या, आरशात बघून टिकली सरळ करायच्या आणि मग गाडी सोडायच्या. त्यासुद्धा शिकल्या. लावा."

कारागिराकडे आपला गेमचा एक जुना डबा होता, तो त्याने टीव्हीला जोडला. मास्तर स्टूल ओढून त्याच्या डाव्या हाताला येऊन बसले. शिकवताना ते आयुष्यभर डावीकडेच बसत आले होते. काठी त्यांनी डाव्या मुठीत उभी धरली आणि पाय पसरले.

लाल मोटार सुटली. समुद्राकडेचा रस्ता नीट पार पडला. घाट लागला तसे कारागिराचे खांदे वर चढले.

"खांदे सोडा," मास्तर म्हणाले. "गाडी खांद्यांनी चालत नाही."

पहिलं वळण आलं. कारागिराने आत शिरून ब्रेक मारला. गाडी कठड्याला घासली.

"उशीर. परत."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदाही. मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. शिकवायच्या गाडीत तिथे मास्तरांचा स्वतःचा ब्रेक असतो, शिकणारा चुकला की दाबायला. इथे नुसती फरशी होती.

"कुठे दाबायचा तेच कळत नाही," कारागीर वैतागून म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

"रस्ता सांगतो कुठे ते. चला, परत."

चौथ्यांदा घाट लागला. पुढच्या भागात यंत्र थांबलं होतं. बाई आणि कारागिराची बायको पडद्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या, एकीच्या हातात टाचण्यांची डबी, दुसरीच्या हातात पँट. इकडे दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. झाडं मागे पळाली, वळणाचा बाण दिसायला लागला, आणि कारागिराचा अंगठा पळवायच्या बटणावर तसाच घट्ट बसून राहिला.

"आता," मास्तर म्हणाले. "आता! अहो, आता!"

आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. कारागिराच्या मुठीवर आला, त्याचा अंगठा बाजूला सारून ब्रेकच्या बटणावर बसला. दाबलं. गाडीचं नाक खाली झालं, वेग उतरला. वळण सुरू व्हायच्या आत, जिथे सोडायला हवं होतं बरोबर तिथे, तो अंगठा उचलला गेला. गाडी कठड्याला न शिवता आतून फिरली आणि पुढच्या सरळ रस्त्याला लागली.

"कळलं?" मास्तर म्हणाले.

कारागीर त्यांच्या हाताकडे बघत होता. हात अजून हवेतच होता.

"रस्त्याकडे बघा," मास्तर म्हणाले. "पुढचं वळण येतंय."